रिकाम्या खुर्चीचा धनी

नगरपालिकेतला एखादा सभासद मध्येच वारला, राजीनामा देऊन गेला किंवा त्याला वरची जागा मिळाली, तर त्याची खुर्ची कुणाची? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. पोटनिवडणूक घ्यायची. वॉर्डातले लोक पुन्हा मत देतील, तोवर खुर्ची रिकामी. पण जगात सगळीकडे असं नाही. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत उरलेले सभासद, किंवा काही ठिकाणी महापौर, त्या जागी माणूस नेमतात. नेमलेला माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत इतरांसारखाच बसतो, बोलतो, मत देतो. घरपट्टी वाढवायची की नाही, पोलिसांना किती पैसे द्यायचे, यावर त्याचं मत निवडून आलेल्याच्या मताइतकंच धरलं जातं. आणि त्याला मात्र एकाही मतदारानं मत दिलेलं नसतं.

मला हे सांगितलं सिएटलजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीनं. तिला तिथं मताचा हक्क नाही, व्हिसावर आहे. पण तिथल्या सभेचं कामकाज घरबसल्या बघता येतं, आणि तिला ते बघायचा नाद लागला आहे. "मावशी, इथं नगरसेवकाच्या जागेसाठी नोकरीसारखे अर्ज मागवलेत," असं ती फोनवर म्हणाली तेव्हा मला हसू आलं. नंतर ती जे सांगत गेली त्यानं मात्र डोक्यात भुंगा सोडला.

2023 च्या नोव्हेंबरात सिएटलच्या सभेतल्या तेरेसा मोस्केडा या सभासद तिथल्या काउंटीच्या सभेवर निवडून गेल्या. काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा पंचायतीच्या जवळपासचं काहीतरी, अधिकार मात्र बरेच जास्त. त्यांची शहरातली जागा रिकामी झाली. सभा नऊ जणांची. सात जण आपापल्या विभागाचे, दोन साऱ्या शहराचे. ही जागा साऱ्या शहराची होती. शहराच्या सनदेत लिहिलं आहे की उरलेल्यांनी वीस दिवसांत बहुमतानं माणूस नेमावा. 72 अर्ज आले. आठ सभासदांनी आपापल्या पसंतीची नावं पुढे केली, त्यातून आठ जण उरले, त्यांना जाहीरपणे प्रश्न विचारले गेले, लोकांनी येऊन बोलायचं ते बोलून घेतलं. आणि 2024 च्या जानेवारीत तान्या वू या बाईंची नेमणूक झाली.

यातली मेख अशी की या वूबाई आदल्या नोव्हेंबरातच एका विभागातून निवडणुकीला उभ्या राहून थोड्या मतांनी हरल्या होत्या. त्यांना हरवलं टॅमी मोरालेस यांनी. आता हरलेल्या आणि जिंकलेल्या दोघी एकाच सभागृहात, सारख्याच खुर्चीवर. इतकंच नाही, वूबाईंची जागा साऱ्या शहराची असल्यामुळे ज्या विभागानं त्यांना 'नको' म्हटलं त्या विभागाच्याही त्या प्रतिनिधी झाल्या.

कुणी म्हणालं, ही लोकांची थट्टा आहे. कुणी म्हणालं, निदान हजारो लोकांनी हिच्या नावापुढे खूण तरी केली होती. बाकीच्या अर्जदारांना तर कुणी विचारलंच नव्हतं. दुसरं बोलणंही अगदीच टाकाऊ नाही. वूबाई कामाच्याही होत्या. तिथल्या चिनी वस्तीत रात्री गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकांत त्या फिरत, वस्तीतली जुनी इमारत त्यांच्या घराण्यानं पुन्हा उभी केली. त्या नालायक आहेत असं त्यांच्या विरोधकांचंही म्हणणं नव्हतं. माझा प्रश्न लायकीचा नाहीच. लायक माणसानंही जे आपल्याला दिलेलं नाही ते घ्यावं का, हा प्रश्न आहे.

इथं मला दशलक्षण पर्वातला सातवा दिवस आठवतो. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, तसा सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात चोरी हा शब्द नुसता चोरी म्हणून येत नाही, अदत्तादान म्हणून येतो. जे दिलेलं नाही ते घेणं. कुलूप फोडलं की नाही, अंधार होता की नाही, याच्याशी संबंध नाही. आपल्या बायकांना ही व्याख्या चांगली ठाऊक आहे, कारण शेजारणीच्या परसातली कढीलिंबाची काडी न विचारता तोडली तर सासूबाई हाच शब्द काढायच्या. पण ही व्याख्या आपण वस्तूंपुरती ठेवली. पद, मान, अधिकार याला ती लावून बघितली की अंगावर काटा येतो.

मग विचार करूया, वूबाईंना ती खुर्ची कुणी दिली? आठ सभासदांनी. ती त्यांच्या मालकीची होती का? नव्हती. त्यांच्या मालकीची त्यांची स्वतःचीसुद्धा खुर्ची नव्हती, तीही मतदारांनी चार वर्षांच्या बोलीवर दिलेली. माझ्याकडे शेजारणीनं पाटल्या ठेवायला दिल्या आणि मी त्या तिसरीच्या हातात घातल्या, तर त्या तिसरीनं घेतलेलं दान हे दान आहे का?

यावर माझ्या यजमानांनी लगेच वकिली काढली. ते म्हणाले, सनद कुणी केली? शहराच्या लोकांनीच मत देऊन मंजूर केली ना? मग 'आम्ही नसू तेव्हा तुम्ही नेमा' असं मुखत्यारपत्र त्यांनीच लिहून दिलंय. मुखत्यारानं दिलेलं हे मालकानंच दिलेलं. कायद्याच्या अंगानं त्यांचं बरोबर आहे आणि मी ते मान्य करते. वूबाईंनी चोरी केली असं मी म्हणणार नाही. पण अचौर्याचे पाच अतिचार आठवून बघा. चोरी न करताही व्रताला जो डाग लागतो तो अतिचार. त्यातला शेवटचा आहे प्रतिरूपक व्यवहार. एका मालासारखा दिसणारा दुसरा माल त्याच्या नावावर खपवणं. तुपात वनस्पती, केशरात करडईची फुलं. वनस्पतीचीही किंमत असते, ती वनस्पती म्हणून विकली तर कुणाची तक्रार नाही. तक्रार डब्यावरच्या नावाची आहे. नेमलेला सभासद नेमलेला म्हणून वावरला तर व्रताला धक्का नाही. तो 'मी लोकांचा कौल घेऊन आलोय' अशा थाटात वावरू लागला, मोठे उलटेपालटे निर्णय आपल्या मतावर तोलू लागला, आणि पुढच्या निवडणुकीत पत्रकावर 'विद्यमान सभासद' असं ठळक छापून मतं मागू लागला, की डब्यावरचं नाव बदललं.

वूबाई 2024 च्या नोव्हेंबरात त्या जागेसाठी उभ्या राहिल्या आणि अलेक्सिस मर्सिडीज रिंक या तरुण मुलीकडून चांगल्याच फरकानं हरल्या. म्हणजे बारा महिन्यांत दोन वेळा लोकांनी 'नको' म्हटलं आणि मधले जवळजवळ दहा महिने त्या सभागृहात होत्या. नियमात बसून, कुणाचं काही न लुबाडता. मला त्या बाईंची कीवही येते.

पुढची गोष्ट आणखी विचार करण्यासारखी. त्यांना आधी हरवलेल्या मोरालेसबाईंनी 2025 च्या सुरुवातीला राजीनामा दिला. पुन्हा रिकामी खुर्ची, पुन्हा अर्ज, पुन्हा मतदान. या वेळी मार्क सॉलोमन यांची निवड झाली. हेही पूर्वी, 2019 साली, त्याच विभागात मोरालेस यांच्याकडूनच हरलेले. पण यांनी आधीच सांगितलं होतं की पुढच्या निवडणुकीला मी उभा राहणार नाही. सांगितलं तसं वागले. त्यांच्याकडे काळजीवाहू म्हणतात. घरचे परगावी गेले म्हणून किल्ली सांभाळणारा.

भाचीला हे फार आवडलं. मलाही पहिल्यांदा आवडलं, कारण आपल्याकडे याला शब्द आहे, न्यास. ठेव. आणि सत्यव्रताच्या अतिचारांत न्यासापहार सांगितलाय, म्हणजे ठेवलेली ठेव गिळणं. ठेवणारा किती ठेवलं ते विसरला, आणि आपण त्याच्या विसरण्याचा फायदा घेऊन 'होय होय, तेवढंच' म्हणालो तरी तो न्यासापहार. किती बारीक विचार आहे बघा. मतदारही विसरतो. वर्ष दीड वर्ष नेमलेला माणूस खुर्चीवर दिसला की लोकांना वाटायला लागतं, हेच आपले नगरसेवक. त्या विसरण्यावर निवडून येणं हे ठेव गिळण्याच्या फार जवळचं आहे.

पंचकल्याणकात सौधर्म इंद्राचा सवाल ज्यानं धरला तो पाच दिवस इंद्र असतो. मुकुट, हार, शेजारी इंद्राणी, हत्तीवरून मिरवणूक. सहाव्या दिवशी तोच गृहस्थ दुकानाचं शटर वर करतो आणि गिऱ्हाईक त्याला 'अण्णा, सुटे पैसे द्या' म्हणतं. इंद्रपद माझंच होतं म्हणून कुणी भांडायला बसत नाही. काळजीवाहूचं पद तसं असावं असं मला वाटत होतं.

पण मग दुसरी बाजू टोचू लागली. ज्याला पुन्हा लोकांपुढे जायचंच नाही, त्याला लोकांची भीती कसली? निवडून आलेल्याला निदान चार वर्षांनी दारोदार हिंडायचं असतं, म्हणून तो गटारीच्या तक्रारीचा फोन घेतो. काळजीवाहू माणूस मनाचा साधू असेल तर उत्तम. नसेल तर तो कुणालाच बांधील नाही. ज्यांनी नेमलं त्यांनाच काय तो बांधील. त्याला हाव नाही आणि जबाबही नाही, अशी ही गंमत. म्हणजे 'उभा राहणार नाही' ही शपथ लोभाचा दरवाजा बंद करते आणि उत्तरदायित्वाचाही.

आणि हा 'तुम्ही फक्त सांभाळा, उभ्या राहू नका' हा सल्ला बायकांना किती वेळा दिला गेलाय ते बघितलं की मी आणखी सावध होते. शहराच्या सभेतली नाही, त्याच देशाच्या सिनेटमधली गोष्ट आहे. 1922 साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी एका वारलेल्या सिनेटरच्या जागी रिबेका फेल्टन या 87 वर्षांच्या बाईंना नेमलं. अमेरिकेच्या सिनेटमधली ही पहिली बाई, आणि प्रत्यक्ष बसली एक दिवस. नेमणाऱ्यांना नुकताच मताचा हक्क मिळालेल्या बायकांची मर्जी हवी होती, बाई नको होती. 1931 मध्ये आर्कान्सा राज्यात सिनेटर कॅरावे वारले, त्यांच्या पत्नी हॅटी कॅरावे यांची नेमणूक झाली. सगळ्यांचा हिशेब एकच: बाई आहे, नवऱ्याची खुर्ची गरम ठेवील, मग खऱ्या पुरुषांपैकी कुणीतरी बसेल. बाईंनी 1932 मध्ये पूर्ण मुदतीच्या निवडणुकीला मी उभी राहणार म्हणून जाहीर केलं. उभ्या राहिल्या, निवडून आल्या. अशा पूर्ण मुदतीसाठी निवडून आलेल्या त्या तिथल्या पहिल्या बाई.

आता बोला. हॅटीबाईंनी ठेव गिळली का? मी म्हणेन, नाही. त्या पुन्हा मालकाकडे गेल्या. 'ही तुमची ठेव, आता तुम्हीच सांगा कुणाकडे ठेवायची' म्हणाल्या. न गिळण्याचा हाही एक मार्ग. मग वूबाईंनीही तेच केलं, असं म्हणावं लागतं, आणि मी म्हणते. फरक एवढाच की हॅटीबाईंच्या बाबतीत नेमणाऱ्यांनी त्यांना ठेव म्हणूनही पुरतं दिलं नव्हतं, बाहुली म्हणून बसवलं होतं. बाहुलीनं मान हलवायला नकार दिला.

इथं कुणी म्हणेल, अनेकांत आहे, सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर. स्वाध्यायाला बसलं की हे वाक्य दर आठवड्याला कानावर पडतं, आणि मला त्याचा राग येतो. अनेकांत म्हणजे सगळ्यांना पेढे वाटणं नव्हे. कुठल्या बाजूनं बघितल्यावर काय खरं दिसतं ते नेमकं सांगायचं, ही त्यातली मेहनत आहे.

खुर्चीच्या ममत्वाची सगळ्यात भयंकर गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. 1977 मध्ये त्या शहरात विभागवार निवडणूक होऊन अकरा जणांची सभा निवडून आली. त्यात एक डॅन व्हाइट, आधी पोलीस, मग अग्निशमन दलात. सभासद झाल्यावर दुसरी सरकारी नोकरी ठेवता येत नव्हती; सभेचा पगार तुटपुंजा, घरात तान्हं बाळ. ओढाताण होऊन 10 नोव्हेंबर 1978 रोजी त्यांनी राजीनामा दिला. थोड्याच दिवसांत मन बदललं, जागा परत द्या म्हणू लागले. महापौर जॉर्ज मॉस्कोनी आधी हो म्हणाले. पण राजीनामा एकदा लागू झाल्यावर परत घेता येत नाही, आता नव्यानं नेमणूकच करावी लागेल, असं ठरलं. आणि नेमणुकीचा अधिकार तिथं महापौरांचा. मग सभेतल्या इतरांनी, त्यातही हार्वी मिल्क यांनी, व्हाइट यांना पुन्हा नेमू नका म्हणून आग्रह धरला, कारण सभेत बरेच निर्णय एका मतावर अडत होते. मॉस्कोनींनी मन बदललं. 27 नोव्हेंबरला नवं नाव जाहीर होणार होतं. त्या सकाळी व्हाइट पिस्तूल घेऊन तळघराच्या खिडकीतून नगरभवनात शिरले. आधी महापौरांना मारलं, मग मिल्क यांना.

आपण परिग्रह म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सोनं, जमीन, कपाटातल्या साड्या येतात. शास्त्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा सांगितलीय. वस्तूवरची बेशुद्ध करणारी आसक्ती. या माणसानं खुर्ची सोडली होती, स्वतःच्या सहीनं. हातातून वस्तू गेली आणि मूर्च्छा राहिली. आणि मला असंही वाटतं की मध्ये एक 'हो' आलं नसतं, तर कदाचित इतकं पेटलं नसतं. नेमणुकीत एक माणूस दुसऱ्याला देतो किंवा नाकारतो, समोरासमोर. निवडणुकीत हरलेला माणूस लाखभर लोकांवर राग धरून धरून किती धरणार? नेमणुकीत नाकारलेल्याला रागाला चेहरा मिळतो. म्हणून त्या खुनाचं समर्थन होत नाही, कुठल्याच अंगानं होत नाही. पण ज्याच्या हाती एकट्यानं द्यायची सत्ता आहे, त्यानं 'बघू, देतो' असं म्हणताना फार जपावं.

याच गोष्टीत आणखी एक गाठ आहे. हार्वी मिल्क हे आपण समलिंगी आहोत असं उघड सांगून निवडून आलेले. त्यांना धमक्या येत. आपला खून झाला तर ऐकावी म्हणून त्यांनी आदल्या वर्षीच एक टेप करून ठेवली होती, आणि तिच्यात आपल्या जागी कोण चालतील त्यांची चार नावं सांगितली होती. कोण चालणार नाहीत तेही. मॉस्कोनींच्या जागी सभेनं डायन फाइन्स्टाइन यांना महापौर केलं. मिल्क यांची जागा भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या चारांपैकी हॅरी ब्रिट यांना नेमलं. ब्रिट पुढे निवडणुकांत निवडून येत राहिले आणि 1993 पर्यंत सभेत होते.

मेलेल्या माणसाला आपली खुर्ची मृत्युपत्रात देता येते का? लोकांची वस्तू आहे, ती वारसाहक्कानं कशी जाईल? हे एक. पण मिल्क यांच्या पाठीमागे ज्या लोकांना दुसरं कुणीच बोलणारं नव्हतं, त्यांचा आवाज नेमणुकीच्या गडबडीत बुजवला जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. मला वाटतं, जाणाऱ्यानं नाव सांगावं. फक्त ते साक्ष म्हणून घ्यावं, हुकूम म्हणून नाही. 'हे काम काय आहे ते याला समजलंय' एवढं सांगायचा हक्क काम केलेल्याला आहेच, किंबहुना त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो फारसा नाही.

आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज 1955 साली कुंथलगिरीला सल्लेखनेत होते. तिथं त्यांनी आचार्यपद सोडलं आणि वीरसागर महाराजांना दिलं. वीरसागर महाराज तेव्हा दूर राजस्थानात होते. आपल्या आज्या ही गोष्ट सांगताना सल्लेखनेच्या दिवसांवर भर देत. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी सोडलं, मग नाव सांगितलं. पद हातात धरून 'माझ्यानंतर अमुक' असं म्हणणं वेगळं. संघ आणि नगरपालिका एक नव्हे हे मला कळतं. तिथं घरपट्टी नाही आणि कुणी मत देऊन आचार्य निवडत नाही. पण व्हाइटनं सोडून न सोडलेलं आणि महाराजांनी सोडून दिलेलं, या दोन टोकांमध्ये आपण सगळे कुठेतरी बसलेलो आहोत.

मग आपल्याकडची पोटनिवडणुकीची रीत बरी, असं म्हणून सोडून देता येईल का? कागदावर बरी आहे. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीनं सांगितलं की नगरपालिकेच्या सगळ्या जागा थेट निवडणुकीनं भरायच्या. नगरकारभारातलं खास ज्ञान असलेली माणसं नेमता येतात, पण त्यांना सभेत मत नाही. महाराष्ट्रात त्यांना स्वीकृत म्हणतात, आपल्याकडे कर्नाटकात नामनिर्देशित, आणि नावं बंगळूरहून येतात. खुर्ची आहे, बोलता येतं, हात वर करता येत नाही. प्रतिरूपक व्यवहाराला घटनेनंच आळा घातलाय, असं मला हे वाचून वाटलं होतं; डब्यावर 'वनस्पती' असं ठळक छापायला लावल्यासारखं. खास ज्ञान कुणात सापडतं हा मात्र वेगळा विषय. ते बहुतेक वेळा पक्षाच्या कार्यालयातच सापडतं.

पण एक खुर्ची रिकामी झाली तर इतका काटेकोर विचार करणारे आपण, सगळ्याच खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या तर गप्प बसतो. बेळगावकरांना हे सांगायला नको. 2005 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये इथली महापालिका राज्य सरकारनं बरखास्त केली. भाषेचं कारण होतं ते सर्वांना माहीत आहे. प्रशासक आला. बंगळूरची महापालिका 2020 च्या सप्टेंबरपासून निवडून आलेल्या सभेशिवाय राहिली, मुंबईची 2022 च्या मार्चपासून कित्येक वर्षं. सिएटलमध्ये नवातली एक जागा नेमणुकीनं भरायची तर 72 अर्ज, जाहीर प्रश्न, वीस दिवसांची मुदत. आपल्याकडे सगळी सभाच एका अधिकाऱ्याच्या सहीत मावते, आणि त्याला कुणी प्रश्न विचारत नाही, कारण त्याला नेमलं असं आपल्याला वाटतच नाही. बदली होऊन आला असं वाटतं.

भाची म्हणाली, तुम्ही मग विचारत का नाही? मी तिला म्हटलं, गटार तुंबलं की आम्ही निदान नगरसेविकेच्या यजमानांना फोन करायचो, आता साहेबांच्या शिपायाला करतो. ती हसली. हे 'नगरसेविकेचे यजमान' प्रकरण तिला समजावून सांगायला अर्धा तास लागला. तिथं बाईची लोकांनी निवड केलेली असते आणि तरीही खुर्चीवर दुसराच बसलेला असतो. लोकांनी दिलेली ठेव घरातल्या घरात गिळली जाते, आणि तिला आपण संसार म्हणतो.

शेवटी आपल्या घरापाशी येते. मंदिराच्या, बोर्डिंगच्या, पाठशाळेच्या ट्रस्टवर जागा रिकामी होते तेव्हा आपण काय करतो? बहुतेक घटनांत 'उरलेल्या विश्वस्तांनी नेमावे' असंच असतं. म्हणजे सिएटलचीच रीत, अर्ज आणि प्रश्न तेवढे वगळून. दुखवट्याची सभा भरते. फोटोला हार घातलेला असतो, उदबत्ती लावलेली असते. कुणीतरी उठून म्हणतं, अण्णांच्या जागी त्यांच्या चिरंजीवांना घ्यावं, हीच खरी श्रद्धांजली. त्या फोटोसमोर उभं राहून 'मला वाटतं दुसरं कुणीतरी' असं कोण म्हणेल? टाळ्या वाजतात, बदल अर्जावर सह्या होतात. मिल्क यांची टेप निदान त्यांच्या आवाजात होती. इथं अण्णांनी असं काही म्हटल्याचं कुणालाच ठाऊक नसतं.

याला एक साधा उपाय दिसतो आणि तो कुठल्याही मंडळाला उद्या करता येईल. दुखवट्याच्या सभेत नेमणूक करायची नाही. महिनाभरानं करायची, नोटीस लावून, ज्याला काम करायचंय त्यानं स्वतः येऊन सांगायचं. आणि नेमलेल्याची मुदत पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंतच ठेवायची. तिथं त्यानं उभं राहावं, हॅटीबाईंसारखं, आणि लोकांनी हो किंवा नाही म्हणावं. 'उभा राहणार नाही' अशी शपथ मी कुणाकडून मागणार नाही. विशेषतः बायकांकडून तर नाहीच.

आमच्या भागातल्या एका मंदिराचे खजिनदार वारले, तेव्हा त्यांच्या जागी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला घेतलं. मुलगा चांगला आहे, सणावाराला येतो. त्या खजिनदारांच्या घरी मी कितीदा गेले असेन. भांडारपेटीचे पैसे मोजायला, किर्दीला नोंद करायला, शिधा किती शिल्लक ते बघायला वहिनीच बसलेल्या असायच्या, चष्मा नाकावर ओढून. वीस वर्षं हेच. दुखवट्याच्या सभेला त्या बायकांच्या बाजूला, खांबामागे होत्या. त्यांचं नाव सुचवायला उरलेले चार विश्वस्त विसरले असं नाही, त्यांना ते सुचण्यासारखंच वाटलं नाही. नंतरच्या आठवड्यात वहिनींनी सगळ्या वह्या काढल्या, पेटीची किल्ली, बँकेची पुस्तकं, अक्षय तृतीयेला आलेली आणि अजून न भरलेली साडेचारशे रुपयांची रोकड एका पिशवीत घातली, आणि अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली. अध्यक्ष म्हणाले, असू दे हो वहिनी, घरचंच आहे. वहिनी म्हणाल्या, मोजून घ्या आणि पावती द्या. ती पावती त्यांनी मला दाखवली. तारीख, रक्कम, सही, आणि 'मिळाले' असं लिहिलेलं.